दशरथ सरांचा डावा हात

भाईंदर पूर्वेला गाडी चालवणाऱ्या माणसांकडे जरा नीट बघा. तोंडाकडे नको, ट्रॅफिकमध्ये सगळ्यांची तोंडं सारखीच असतात, एरंडेल प्यायल्यासारखी. हाताकडे बघा. डाव्या हाताकडे. उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा गिअरच्या दांड्यावर, आजोबांनी नातवाच्या डोक्यावर ठेवावा तसा. गिअर टाकून झालाय, रस्ता सरळ आहे, गाडी आपली चाललीय, पण हात काही तिथून हलत नाही.

असा हात दिसला की खुशाल समजा, हा माणूस आमच्या दशरथ सरांकडे शिकलाय.

दशरथ सर आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात, माझ्या दारासमोर. मूळचे पोलादपूरकडचे. आता सहासष्ट वय, बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा निकेत पुण्याला. नवघर रोडला त्यांचं मोटर ट्रेनिंग होतं, अठ्ठावीस वर्षं चाललं, चार वर्षांपूर्वी बंद केलं. बँकेतल्या बायका, दाताचे डॉक्टर, बारावीला आपटलेली पोरं, फरसाणवाल्याच्या दोन्ही सुना, सगळ्यांना ह्याच माणसाने रस्त्यावर आणलं. कधी कुणावर ओरडले नाहीत. तोंडात लवंग धरायची आणि शेजारी बसायचं. पहिले आठ दिवस शिकणाऱ्याच्या डाव्या हातावर स्वतःचा उजवा हात ठेवून गिअर टाकून घ्यायचे, आणि टाकून झाला की तो हात तसाच दाबून ठेवायचे. "हात काढायचा नाही. गिअरला एकटं सोडायचं नाही." हे वाक्य एकेकाने हजारदा ऐकलंय.

मीसुद्धा ऐकलंय. तीनदा नाव घातलं मी त्यांच्याकडे. तिसऱ्या वेळी मी टोमॅटोच्या हातगाडीला मिठी मारली, तेव्हा सर लवंग चावत शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही रिक्षाने जात जा. त्या लोकांचीही पोटं आहेत." असा माणूस. हसताना खांदे हलायचे, आवाज यायचा नाही.

हल्ली खांदेपण हलत नाहीत. त्याचीच गोष्ट सांगतेय.

काशीमीऱ्याला हॉटेलांच्या मागच्या लाइनीत नाथाचं गॅरेज आहे. नाथा फक्त गिअरबॉक्स उघडतो, बाकी कशाला हात लावत नाही. आणि गिअरबॉक्स उघडला की ज्योतिषासारखं बोलायला लागतो. क्लच प्लेट जळालेली दिसली की म्हणणार, "हा माणूस घाबरट आहे, क्लचवर पाय ठेवूनच जगतो." आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नीरजची गाडी त्याच्याकडे गेली होती, तर नाथाने बघूनच सांगितलं, "ह्याला कसली घाई आहे? गाडी पुढे जातेय तेवढ्यात रिव्हर्स टाकतो, सगळे दात खाल्ले." नीरजच्या बायकोला जाऊन विचारा, माणूस हात धुवायच्या आधी जेवायला बसतो. एकदम बरोब्बर!

आणि एक तिसरा प्रकार नाथाकडे सगळ्यात जास्त यायचा. गिअरबॉक्सच्या आत चिमट्यासारखा एक लोखंडी तुकडा असतो, त्याला फोर्क म्हणतात. त्याचं एक टोक घासून पातळ झालेलं असायचं. नाथा ते पुसायचा, उजेडात धरायचा आणि सरांना फोन लावायचा. "सर, ही पण तुमचीच!" सर हसायचे, खांदे हलवायचे. कोण विद्यार्थी, नाव विचारायचे, खूश व्हायचे. वर्षानुवर्षं हा दोघांचा खेळ चालला होता. मलाही वाटायचं, बघा, माणसाची काय ती ख्याती!

आता रुचिता.

सरांच्या घराच्या बरोब्बर खाली, पहिल्या मजल्यावर, सुगंधा राहते. रत्नागिरीकडची, ब्लाउज शिवते, बोलणं कमी आणि मशीन जास्त. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी रुचिता, लॅबमध्ये कामाला. ही सरांची शेवटच्या वर्षांतली विद्यार्थिनी, आणि लाडकी. पहिल्या फटक्यात टेस्ट पास. एक छोटी पांढरी सेकंड हँड गाडी घेतली आणि दर रविवारी आईला बसवून उत्तन, पाली, तारोडी असं फिरवून आणायची, येताना मासे. जिन्यात सर दिसले की ओरडायची, "सर, गिअरला एकटं नाही सोडलं हां!" आणि सर वरून लवंग धरलेला हात हलवायचे.

मागच्या वर्षी मे महिन्यात, रविवारी दुपारी बाराच्या सुमारास, उत्तनच्या वाटेवरच्या डोंगरीच्या उतारावर तिची गाडी वळणावर सरळ भिंतीला गेली. एकटीच होती. सत्तावीस वर्षांची.

पोलिसांनी लिहिलं, वेगावरचा ताबा सुटला. आणखी काय लिहिणार! सुगंधाने गाडी विकू दिली नाही. नाथाच्या आवारात निळी ताडपत्री टाकून ती उभी राहिली. आणि तेराव्याला सगळ्यांसमोर सुगंधा सरांच्या पाया पडली. म्हणाली, "तुम्ही शिकवलंत म्हणून तिने दुनिया बघितली. नुसती सुई-दोऱ्यात गेली असती माझ्यासारखी. तुमचे उपकार आहेत."

मग दर सोमवारी ती सरांसाठी घावणे पाठवायला लागली. कधी स्वतः घेऊन यायची, आणि दारात तेच वाक्य. तुमचे उपकार आहेत.

ह्या जानेवारीत सुगंधा म्हणाली, जाऊ दे ती गाडी, आणखी किती दिवस झाकून ठेवायची. तिने नाथाला फोन केला. नाथा म्हणाला, बॉडी भंगारात जाईल, इंजिन आणि गिअरबॉक्स उघडून बघतो. आता सरांना काशीमीऱ्याला नाथाकडे सहज चक्कर मारायची सवय, आणि मला त्या दिवशी तिथे गाद्या बघायच्या होत्या, म्हणून आम्ही दोघं एकाच रिक्षाने गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील.

नाथा पाठमोरा बसला होता. समोर गिअरबॉक्स दोन भाग करून ठेवलेला, तेलात काळा. चाहूल लागली तसा त्याने तो फोर्क उचलला, चिंधीने पुसला, उजेडात धरला, आणि न बघताच, सवयीने, हसत म्हणाला, "या सर. ही पण तुमचीच!"

आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो.

मलाही कळलं, कारण ताडपत्री बाजूला सारलेली होती आणि मागे ती पांढरी गाडी तोंड चेपून उभी होती. रस्त्यावर ट्रकची लाइन लागली होती, हॉर्न वाजत होते, पण नाथाच्या त्या शेडमध्ये असं काहीतरी झालं की मला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज आला.

सरांनी हात पुढे केला. "दे."

"सर, हात खराब होतील."

"दे म्हटलं ना."

त्यांनी तो तुकडा बोटांवर फिरवला. "तिसऱ्या गिअरचा?"

"तिसरा-चौथा. एकच असतो."

"नाथा, हे हात ठेवल्याने होतं?"

नाथा माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी त्याला वाचवणार आहे. मग म्हणाला, "सर, गिअर टाकला की फोर्क आतली रिंग सरकवतो, आणि त्याचं काम झालं. मग तो मोकळा पाहिजे. रिंग गरगर फिरत असते. वर दांड्यावर हात ठेवला, की हा आत त्या फिरत्या रिंगला टेकून राहतो. घासत राहतो. एका दिवसात नाही होत. वर्षं लागतात."

"मग मला कधी बोलला का नाहीस?"

"सर, इतकी वर्षं तेच तर बोलतोय! प्रत्येक वेळी फोन करून! तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, तू मस्करी करतोयस."

सरांनी त्या पातळ टोकावर अंगठा फिरवला.

"घासला की गिअर सुटतो?"

"सुटतो कधीकधी. नेहमी नाही."

"उतारावर?"

"एक्सिलेटर सोडला, गाडी उताराला लागली की... सुटू शकतो, सर. आपोआप न्यूट्रल. मग गाडी मोकळी पळते." मग घाईघाईने, "पण ही सेकंड हँड होती ना! आधीच्या मालकाने कशी चालवली कोणाला माहीत! त्यानेच घासला असेल!"

"आधीचा मालक कुठला?"

नाथाने चिंधी इकडून तिकडे ठेवली. "इथलाच. भाईंदरचा."

"कुणाकडे शिकलेला?"

नाथाने फोर्क परत घ्यायला हात पुढे केला. मी गाद्या बघितल्या नाहीत.

परत येताना रिक्षात सर बोलले. मला वाटत होतं रडतील, पण ते नुसते सांगत राहिले, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसे. पोलादपूरला सोळाव्या वर्षी ते एका ट्रकवर क्लीनर लागले. बबन नावाचा ड्रायव्हर. ट्रक इतका जुना, की तिसरा गिअर राहायचाच नाही, टण्णकन बाहेर यायचा. कशेडी घाटात बबनने ह्यांचा हात धरून दांड्यावर दाबला होता. "हात सोडलास तर मेलास. ह्याला एकटं सोडायचं नाही."

"वहिनी," सर म्हणाले, "तो ट्रक मोडका होता. म्हणून हात ठेवायचा होता. मला वाटलं, गाडी अशीच चालवतात."

मी काय बोलणार? मी, जिला रेशनच्या लाइनीतसुद्धा गप्प बसवत नाही!

"मोडक्या ट्रकचं औषध मी चांगल्या गाड्यांना दिलं. आणि सगळ्या मोडक्या केल्या. अठ्ठावीस वर्षं."

त्यानंतर त्यांना ते हात दिसायला लागले.

आधीही दिसायचेच म्हणा, पण आधी अभिमान होता. आता बाल्कनीत उभे राहिले की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीत त्यांना स्वतःचा हात दिसायचा. म्हणायचे, "वहिनी, तो बघा, तो माझा. ती निळी गाडी, तोही माझाच." बायकांच्या बांगड्यांमधून, पोरांच्या रबरी बँडमधून त्यांचाच हात बाहेर आलेला. मी म्हटलं, "सर, तुम्ही काय मारुतीची शेपटी आहात का, इतके वाढायला?" हसले नाहीत. जेवताना डावा हात स्टीलच्या पेल्यावर जाऊन बसायचा. ते बघायचे, उचलायचे, मांडीवर ठेवायचे. जरा वेळाने परत पेल्यावर. मी चहा घेऊन गेले की हे बघत बसायची माझ्यावर पाळी. खरं सांगते, मला भीती वाटायला लागली होती. माणसाची नाही, त्या हाताची. कुणीतरी दुसऱ्यानेच तिथे ठेवल्यासारखा दिसायचा.

मग त्यांनी डोंगरीला जायला सुरुवात केली. उत्तनच्या बसने जायचे, उतारावर एका दगडावर बसायचे आणि ऐकायचे. काय ऐकायचे ते मला कळेना, म्हणून एका सकाळी मीही चिकटले. "माझे पाय दुखतात, हळू चला, मी काही तुमची एल बोर्डाची गाडी नाही," असं बडबडत.

तिथे वळणाजवळ दुर्गा बसते, तारोडीची, सुके बोंबील आणि जवळा विकायला. सरांना ओळखायला लागली होती. मला म्हणाली, "तुमचे मालक हाईत का?"

"अगं बाई, नाही! शेजारी आहेत. मालक असते तर एव्हाना हसायला शिकले असते."

सर तिला म्हणाले, "त्या दिवसाचं ह्यांना सांग. मला सांगितलंस तसं."

दुर्गाने बोंबील झाकले. "मी हितंच व्हते. पाठ व्हती रस्त्याला. गाडी वरून आली, पन तिला आवाज न्हाय. बाकीच्या गाड्या गुरगुरत येतात ना, तशी न्हाय. सायकलवानी आली. नुसता चाकांचा सुर्रर्र. मी वळले तवा पोरगी खाली बघत व्हती. रस्त्याकडं न्हाय. खाली, हाताशी."

सर माझ्याकडे बघून मान हलवत राहिले. मला नंतर त्यांनी समजावलं. गाडी गिअरमध्ये असली की उतारावर इंजिन तिला मागे धरून ठेवतं, म्हणून ते गुरगुरतं. गिअर सुटला की इंजिन गप्प होतं. गाडी मोकळी. आणि पोरगी काय करणार? दचकून खाली बघणार, दांडा परत बसवायला. तेवढ्यात वळण आलं.

"किंवा तिने स्वतःच न्यूट्रल केला असेल," मी म्हटलं. "पेट्रोल वाचवायला करतात की लोक."

"करतात." सर म्हणाले. "मीही तेच म्हणत बसतो."

मग आम्ही बसलो तिथे. गाड्या येत होत्या. एक गुरगुरत गेली. दुसरी गुरगुरत गेली. तिसरी अर्ध्यात अचानक गप्प झाली आणि सरांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की माझी हिरवी बांगडी फुटली. गाडीतला माणूस मजेत पेट्रोल वाचवत निघून गेला. सरांचा घाम कानामागून शर्टात उतरला. त्यांनी बांगडीचे तुकडे गोळा केले आणि माफी मागितली. मी म्हटलं, "नवीन घेऊन द्या, दोन डझन."

घरी आल्यावर ते म्हणाले, "मला सुगंधाताईंना सांगायचंय."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "काय सांगणार? पोरगी तर परत येत नाही. त्या बाईला एक आधार आहे, की कुणीतरी आपल्या पोरीचं भलं केलं. तोही काढून घेणार?"

"त्या सोमवारी येतात, वहिनी. घावणे घेऊन. उपकार म्हणतात. मला तो घास गिळवत नाही. मी कावळ्यांना घालतो, आणि ताईंना सांगतो छान झाले होते."

"मग मला द्यायचे ना!" मी म्हटलं. सवय जात नाही मेली. पण मला कळलं होतं. त्या बाईच्या प्रत्येक उपकाराने हा माणूस थोडाथोडा संपत होता.

पुढच्या सोमवारी सुगंधा यायच्या आधी तेच खाली उतरले. मी मागोमाग गेले. कशाला म्हणाल तर मध्ये पडायला. दुपारचे तीन वाजले होते, मशीनवर एक अर्धवट बाही लटकत होती. सुगंधा म्हणाली, "या ना सर. ताई, तुम्ही पण! मी वर येतच होते."

सर बसले नाहीत. आणि मग माणसाने काय करावं? सरळ सांगावं की नाही? नाही. ते शिकवायला लागले! ओट्यावरून सांडशी उचलली, एक पातेलं घेतलं, "सुगंधाताई, हा फोर्क समजा, ही रिंग," म्हणत सांडशी पातेल्याच्या काठाला लावून पातेलं गरगर फिरवलं. कर्रर्र कर्रर्र असा आवाज. "हा मोकळा पाहिजे. पण वर हात ठेवला की टेकतो. घासतो. सोळाव्या वर्षी एका मोडक्या ट्रकवर मी शिकलो, तसाच हात मी ठेवायला शिकवला. रुचिताला. मीच. नाथाने उघडून दाखवला, घासलाय. उतारावर गिअर सुटला असणार. इंजिन गप्प झालं, ते त्या दुर्गाबाईने ऐकलं. रुचिता खाली बघत होती. माझ्यामुळे खाली बघत होती." आणि पातेलं फिरवतच होते. मी जाऊन ते काढून घेतलं, तेव्हा थांबले.

सुगंधा खुर्चीवर बसून होती. तिच्या तोंडात दोन टाचण्या होत्या, त्या तिने काढून ब्लाउजच्या खांद्याला लावल्या.

"तिचा हात गिअरवर नसायचा, सर," ती म्हणाली.

सरांनी सांडशी खाली ठेवली.

"मला गाडीची भीती वाटते. पहिल्यापासून. मी डोळे मिटून बसायचे. मग ती गिअर टाकला की डावा हात काढून माझा हात धरायची. गिअर बदलायला सोडायची, परत धरायची. घरापासून पालीपर्यंत. म्हणायची, सरांना सांगू नकोस हां आई, ओरडतील."

मला सांगायला लाज नाही वाटत, माझे डोळे भरले. आणि सर! त्यांच्या तोंडावर असं काही आलं, कित्येक महिन्यांनी कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं. "म्हणजे तिने... म्हणजे ऐकलंच नाही माझं?"

"नाही."

सर खाली बसले, पाटावर, लहान मुलासारखे. "देवा," म्हणाले. "नाही ऐकलं."

मग सुगंधा बोलली, आणि मला अजून कधी भांडी घासतानासुद्धा तो आवाज आठवतो. "पण त्या दिवशी मी नव्हते ना गाडीत."

सरांनी पाटावरून मान वर केली.

"मी उडदाचं पीठ भिजवलं होतं पापडाचं. ती म्हणाली, चल गं आई. मी म्हटलं, पीठ वाया जाईल, तू जा. तिने दोनदा विचारलं." सुगंधाने बाही हातात घेतली आणि सरळ केली. "मी असते तर तिचा हात माझ्या हातात असता. एकटी होती म्हटल्यावर कुठे ठेवला असेल? जिथे तुम्ही शिकवला तिथे. तुम्ही म्हणता, तुमचा हात होता. मी रोज म्हणते, माझा नव्हता."

"नाही, नाही, ताई, तुमचा काय दोष," सर उठायला लागले. "फोर्क तर आधीच..."

"आणि तुमचा काय? तुम्ही तर पंधरा वर्षांचे, सोळा वर्षांचे होतात म्हणता ट्रकवर."

"तरीपण ताई, मी विचारायला पाहिजे होतं कुणाला तरी. नाथा ओरडून सांगत होता."

"आणि मला दोनदा विचारलं तिने."

असं चाललं होतं त्यांचं. दोघं त्या एका गोष्टीसाठी भांडत होते, अगदी हळू आवाजात, शिवणाच्या मशीनच्या दोन बाजूंना बसून. कुणी सोडायला तयार नाही. मी मध्ये पडायला गेले होते ना? पातेलं हातात धरून उभी होते.

शेवटी सुगंधानेच विचारलं, "किती जणांना शिकवलंत तसं?"

"मोजले नाहीत. हजारोंना."

"ते सगळे रस्त्यावर आहेत?"

"आहेत."

"मग माझ्या घरात काय बसलात?"

रागावून नाही म्हणाली. पण परत उपकार नाही म्हणाली, आणि घावणेही दिले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सर सकाळी गोल्डन नेस्टच्या सिग्नलला जायला लागले. आठ ते दहा. लाल दिवा लागला की गाड्यांमधून चालत जायचे, काचेतून वाकून बघायचे आणि आपला हात वर उचलून दाखवायचे, असा उचल, काढ, म्हणून. आता ह्याचं लोकांनी काय करावं? अर्धी दुनिया त्यांची विद्यार्थी! काचेबाहेर सर दिसले की माणसं एकदम खूश, "अरे सर! कैसे हो सर!" आणि गिअरवरचा हात काढून टाटा करायची. सर म्हणायचे, "हां, असाच! तिथे ठेवू नकोस, मी चुकीचं शिकवलं!" काच बंद, एसी चालू, कुणाला काय ऐकू येणार! हिरवा दिवा लागला की तो हात गिअर टाकायला खाली जायचा, आणि तिथेच राहायचा. काहींनी काच खाली करून ऐकलं, काहींनी विचारलं "सर, बरं आहे ना तब्येतीचं?" एका बाईने दहाची नोट पुढे केली. सर ती परत करून तिचा हात बघून आले.

मी म्हटलं, "नाथाकडून तो फोर्क तरी न्या दाखवायला." नेला. पोलिसाने विचारलं हे हत्यार कसलं. असो.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी भाजी घेऊन येत होते तर सुगंधा तिथे दुभाजकापाशी उभी. काम टाकून. सरांपासून दोन हात लांब. तीही वाकून काचांमधून बघत होती, पण हाताकडे नाही, बाजूच्या सीटकडे. कोण एकटं चाललंय ते.

एक लाल छोटी गाडी येऊन थांबली. आत एक मुलगी, एकोणीस-वीसची, एकटी, केस वर बांधलेले. डावा हात दांड्यावर. सर वाकले. त्यांनी आठवून बघितलं, मला लांबून कळलं, कपाळाला आठी पडली. ही त्यांची नव्हती. ही शिकायच्या वयाची झाली तोवर सरांचं ट्रेनिंग बंद झालं होतं.

सुगंधाने काचेवर बोटाने टकटक केलं. मुलीने काच खाली केली. "काय काकू?"

"बाळा, तो हात तिथे ठेवू नकोस. गिअर टाकून झाला की काढ."

"का?"

"घासतो आत. मग उतारावर सुटतो."

मुलगी हसली, चांगली होती, उद्धट नव्हती. "नाही हो काकू, माझ्या पप्पांनी असंच शिकवलंय. पप्पा वीस वर्षं चालवतात. म्हणतात, गिअरला एकटं सोडायचं नाही."

सरांचा हात गाडीच्या दारावर होता. त्यांनी पप्पांचं नाव विचारलं नाही. सुगंधा मात्र वाकून राहिली, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "तुझ्या पप्पांना ज्यांनी शिकवलं ना, तेच हे उभे आहेत. तेच सांगतायत, काढ."

मुलीने सरांकडे बघितलं. मग सुगंधाकडे. मग खाली, स्वतःच्या हाताकडे. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला, दिवा हिरवा झाला होता. तिने घाईत पहिला टाकला, "हो, हो काकू" म्हणाली आणि गाडी पुढे काढली.

सर आणि सुगंधा दुभाजकाच्या कडेला उभे राहून बघत होते. मीही पिशवी खाली ठेवून बघत होते. गाडी चौकातून वळली, दुसरा गिअर पडल्याचा आवाज आला, मग तिसरा. पण काचेवर सकाळचं ऊन पडलं होतं, आतलं काही दिसत नव्हतं.